मॉडेल घोडे आणि लघुसाज

खऱ्या घोड्याची ठेवण, जात आणि रंग ठरावीक प्रमाणात लहान करून घडवलेल्या प्रतिकृतीला मॉडेल घोडा म्हणतात. त्याच प्रमाणात बनवलेले खोगीर, लगाम, मोहरकी, तंग (खोगीर आवळणारा पोटाखालचा पट्टा), रिकिबी हा झाला लघुसाज. घोडे जमवणे आणि त्यांचा साज घडवणे हे दोन छंद सहसा एकत्र नांदतात, पण त्यांची कसोटी वेगळी आहे. संग्रह करणाऱ्याला साचे, रंग आणि उत्पादनाची वर्षे ओळखता यावी लागतात. साज करणाऱ्याला चामडे, धातू आणि खऱ्या घोडेस्वारीतले नियम ठाऊक असावे लागतात. साज नुसता सुबक असून भागत नाही. तो मोठा करून खऱ्या घोड्यावर चढवला तर काम करील, असा असावा लागतो.

प्रमाण आणि जाडी

सर्वात प्रचलित प्रमाण १:९ आहे. अमेरिकेतील ब्रायर कंपनी त्याला 'ट्रॅडिशनल' म्हणते. त्याखाली 'क्लासिक' (१:१२) आणि तळहातावर मावणारे 'स्टेबलमेट' (१:३२) येतात. घोड्याची उंची आयाळ संपते तिथल्या उंचवट्यापर्यंत मोजतात आणि ती 'हँड'मध्ये सांगतात. एक हँड म्हणजे ४ इंच. १६ हँड उंचीचा घोडा सुमारे १६२ सेंमी भरतो, म्हणजे १:९ मध्ये १८ सेंमी.

साजाचेही गणित हेच. खऱ्या लगामाची गालपट्टी १३ ते १६ मिमी रुंद असते, ती १.४ ते १.८ मिमी होते. रिकिबीची वादी २५ ते २८ मिमीची असते, ती ३ मिमी होते. १२ सेंमी रुंदीची रिकीब १३ मिमीवर येते. ही मापे पट्टीने मोजता येतात, म्हणून नवशिकेही ती सहसा बरोबर काढतात. चूक होते ती जाडीत. खऱ्या लगामाचे चामडे साडेतीन मिमीच्या आसपास असते, म्हणजे लघुसाजात ते ०.४ मिमी हवे. हस्तकलेसाठी मिळणारे १ मिमीचे चामडे तसेच वापरले, तर खऱ्या घोड्याच्या तोंडावर ९ मिमी जाडीचा पट्टा आवळल्यासारखे दिसते. रुंदी, रंग, बकल सगळे अचूक असूनही साज 'खेळण्यातला' वाटतो, तेव्हा दहातल्या नऊ वेळा दोष जाडीचा असतो. १:३२ मध्ये तर चामडे ०.१ मिमीवर, म्हणजे कागदाच्या जाडीवर आणावे लागते. त्यामुळे तिथे बरेच कारागीर कागद किंवा अरुंद रिबीनच वापरतात.

घोडे कुठून आले

ब्रायर मोल्डिंग कंपनी शिकागोत प्लास्टिकच्या वस्तू ओतत असे. मास्टरक्राफ्टर्स या घड्याळ कंपनीला आपल्या शेल्फवरच्या घड्याळाच्या बाजूला उभा करायला एक घोडा हवा होता. त्या कामातून १९५० मध्ये ५७ क्रमांकाचा 'वेस्टर्न हॉर्स' तयार झाला. साचा ब्रायरकडेच राहिला, घोडा सुटा विकला जाऊ लागला आणि कंपनीचा धंदाच बदलला. त्या घोड्याचे प्लास्टिकचे खोगीर काढता-घालता येई, म्हणजे साजाची ओढ पहिल्या घोड्यापासूनच होती. पुढची काही दशके बहुतेक साचे शिल्पकार क्रिस हेस यांनी घडवले. १९८४ मध्ये ही कंपनी रीव्ह्ज इंटरनॅशनलने घेतली. संस्थापक घराण्यातील पीटर स्टोन यांनी १९९० च्या दशकात स्वतःच्या नावाने मॉडेल घोड्यांची कंपनी काढली. चिनी मातीच्या घोड्यांत कॅलिफोर्नियातील हेगन-रेनेकर आणि इंग्लंडमधील बेस्विक ही नावे मोठी आहेत. हेगन-रेनेकरच्या मॉरीन लव्ह यांच्या घोड्यांत स्नायूंची जी जाण दिसते, तिच्यावर आजचे शिल्पकारही पोसले आहेत.

ब्रायरचे घोडे सेल्युलोज ॲसिटेट या प्लास्टिकचे असतात. दोन अर्धे भाग ओतून चिकटवतात, सांधा घासून गुळगुळीत करतात आणि रंग हाताने एअरब्रशने फवारतात. यामुळे एकाच साच्याचे आणि एकाच रंगाचे दोन घोडेसुद्धा हुबेहूब सारखे नसतात. संग्राहक दुकानात दहा खोकी उघडून एक निवडतो, त्यामागे हेच कारण असते. डोळा स्वच्छ रंगला आहे का, पायाचा सांधा दिसतो का, पंचकल्याणीचे पांढरे मोजे कडेला फुटले आहेत का, हे तो पाहतो.

संग्रहाचे प्रकार

कारखान्यातून आला तसाच राहिलेला घोडा 'ओरिजिनल फिनिश' या गटात मोडतो. यात जुन्या रंगछटांना फार मागणी असते. १९६० च्या दशकातले ब्रायरचे निळे आणि सोनेरी 'डेकोरेटर' घोडे तेव्हा फारसे खपले नाहीत, आणि आज त्यांच्यासाठीच चढाओढ लागते. १९७० च्या दशकात प्लास्टिकची टंचाई असताना मिळेल त्या रंगाच्या प्लास्टिकवर पांढरा थर देऊन घोडे रंगवले गेले. या 'चॉकी' घोड्यांवर ओरखडा पडला की आतला भलताच रंग दिसतो, आणि तीच त्यांची ओळख.

'कस्टम' घोडा म्हणजे कारखान्याचा घोडा कापून, वाकवून, पुन्हा रंगवलेला. ॲसिटेट उष्णतेने मऊ होते, म्हणून पाय किंवा मान गरम करून वळवतात, जोड दोन घटकांच्या एपॉक्सी पुट्टीने भरतात, घासून प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) देतात आणि मग ॲक्रिलिक, तैलरंग किंवा पेस्टलची पूड वापरतात. प्रायमर दिल्याशिवाय घासण्याचे ओरखडे दिसत नाहीत. त्यामुळे पहिला प्रायमर हा शेवट नसून तपासणी असते, आणि दोन-तीन वेळा घासून पुन्हा प्रायमर देणे ही नेहमीची गोष्ट आहे. तिसरा गट 'आर्टिस्ट रेझिन'चा. यात स्वतंत्र शिल्पकाराच्या मूळ कृतीवरून रेझिनच्या मोजक्या प्रती ओततात, त्या बहुधा रंगाविना विकल्या जातात आणि रंगवणारा कलाकार वेगळा असतो. रेझिन ॲसिटेटपेक्षा ठिसूळ असते, कान आणि शेपटीचे टोक आधी जाते.

लगाम

साजकाम लगामापासून शिकावे. त्यात खोगिराइतके साचे लागत नाहीत, पण चामडे पातळ करणे, बकल, कडेची सफाई हे सगळे येते.

चामड्यात कांगारूच्या कातड्याची ३ मिमी फीत साजकारांना प्रिय आहे. त्याचे तंतू पृष्ठभागाला समांतर असतात, म्हणून ते ०.४ मिमीपर्यंत पातळ केले तरी तुटत नाही. गायीच्या चामड्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, ते इतके पातळ केले की ओढताना फाटते. फीत प्रथम किंचित ओली करून ताणून वाळवायची. ही पायरी टाळली तर आज मापात असलेली गालपट्टी आठवड्याने लांबते, मधोमध अरुंद होते आणि कडियाळी (लगामाचा तोंडात बसणारा धातूचा भाग) तोंडाखाली लोंबते.

पातळ करताना फीत काचेवर आतली खरबरीत बाजू वर करून ठेवतात, कोरे पाते जवळजवळ आडवे धरतात आणि पाते स्थिर ठेवून फीत खालून ओढतात. पाते पुढे ढकलले की ते खड्डा पाडते. एका फेरीत फार काढू नये. तीन-चार फेऱ्यांत कॅलिपरने जाडी पाहत जावे. पाते बोथट झाल्याचे डोळ्याला कळत नाही, हाताला कळते. फीत अडखळू लागली की पाते बदलावे. त्यानंतर पोलादी पट्टी लावून दीड मिमी रुंदीच्या वाद्या कापायच्या.

रंग कापल्यानंतरच द्यावा, नाहीतर कडा फिक्या राहतात, आणि एवढ्या अरुंद वादीत कड हीच निम्मी वादी असते. रंग दिल्यावर एक दिवस वाळवून पांढऱ्या कपड्याने घासावे आणि कपडा स्वच्छ निघेपर्यंत घासत राहावे. सुटणारा रंग घोड्याच्या रंगावर उतरतो आणि फिक्या घोड्यावरचा तो डाग निघत नाही. कडेला डिंकाचे पातळ पाणी लावून गुळगुळीत लाकडी काडीने घासले की तंतू बसतात.

बकल विकतही मिळते, पण हाताने करणे अवघड नाही. दीड मिमी रुंदीच्या धातूच्या सपाट पट्टीभोवती ०.४ मिमीची पितळी तार जवळजवळ गुंडाळायची. पट्टी काढून वेटोळे एका बाजूने कापले की चौकटी सुट्या होतात. जोड ज्या दांडीवर असेल ती दांडी चामड्याच्या घडीत लपवायची. काटा ०.२५ मिमी तारेचा. तो त्याच दांडीभोवती वळवतात आणि चौकटीच्या समोरच्या कडेवर जेमतेम टेकेल इतका ठेवतात. काटा लांब राहिला तर सगळा लगाम बेढब दिसतो. वादीचे टोक घडीच्या जागी आणखी पातळ करून, काट्यासाठी चीर पाडून, दांडीभोवती घडी घालून चिकटवायचे. पितळ किंवा 'निकेल सिल्व्हर' हा चांदीसारखा दिसणारा मिश्रधातू वापरावा. स्टेपलच्या पिनेची तार हाताशी असते, पण ती गंजते आणि गंज चामड्यात शिरतो.

डोक्यावरून जाणारी पट्टी आणि गळपट्टी एकाच तुकड्यातून चिरून काढायची. कपाळपट्टीला दोन्ही टोकांना फास करायचे आणि त्यांतून डोक्याची पट्टी ओवायची. कपाळपट्टी आखूड पडली तर ती डोक्याची पट्टी पुढे, कानांच्या मुळांवर ओढते. ही चूक छायाचित्रात लगेच दिसते. भोके सुईने, चामड्याच्या वरच्या बाजूने, सारख्या अंतरावर आणि विषम संख्येत पाडावीत, म्हणजे बकल मधल्या भोकात बसते आणि दोन्हीकडे सारखी जागा उरते. बकलापुढचे टोक अडकवायला १ मिमी रुंदीची कडी हवी. ती विसरली की टोक हवेत उभे राहते.

बहुतेक मॉडेल घोड्यांचे तोंड मिटलेले असते. त्यामुळे कडियाळीचा तोंडातला दांडा गाळून दोन बाजूंच्या कड्याच करतात आणि त्या ओठांच्या कोपऱ्याशी चिकट मेणाच्या मोहरीएवढ्या गोळीने टेकवतात. गोंद कधीच वापरू नये. मेण बोटाच्या उबेने आणि मऊ कापडाने निघते, पण गोंद काढायला ॲसिटोन लावाल तर रंगच नव्हे, घोडाही विरघळेल.

खोगीर

खोगीर एका विशिष्ट घोड्याच्या पाठीसाठीच करावे लागते. अरबी साच्यावर बसलेले खोगीर ओझे ओढणाऱ्या जातीवर तरंगते. पाठीला स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची फिल्म गुंडाळून वर कागदी चिकटपट्टीचे दोन थर द्यावेत, त्यावर पंखांची, म्हणजे खोगिराच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या भागांची, रेषा पेन्सिलीने आखून कापावे. हाच नमुना.

सांगाडा ०.३ मिमी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा करतात. तो पुढे कमानीसारखा उंच, मध्ये खोलगट आणि मागे पुन्हा वर हवा, आणि कमान पाठीच्या कण्याला टेकता कामा नये. त्यावर आसनाचा मऊ थर, मग भिजवलेले पातळ चामडे ताणून बसवायचे आणि वाळेपर्यंत खोलगट भागात दाबून धरायचे. चामडे वाळताना आकसते आणि खोलगटपणावरून उचलले जाते, म्हणून तिथे हात फार लवकर काढू नये. खालच्या दोन्ही गाद्या भरताना मधली फट मोकळी ठेवावी. तंग पुढच्या पायाच्या कोपराच्या मागे बसला पाहिजे. तो पुढे आला तर खरा घोडा पाऊल टाकताच त्याची कातडी घासेल, आणि जाणत्या परीक्षकाची नजर आधी तिथेच जाते.

वेस्टर्न खोगिरात पुढचे शिंग, रुंद पंख आणि चामड्यावरची नक्षी येते. ती नक्षी भिजवलेल्या चामड्यावर सुईच्या बोथट टोकाने उठवतात. खालच्या लोकरीसाठी आखूड, दाट कापड घ्यावे, कारण लांब लव १:९ मध्ये दाढीसारखी दिसते.

प्रदर्शने

'लाइव्ह शो'त घोडे टेबलावर ठेवतात. परीक्षक प्रत्येक वर्गात जात, ठेवण, रंगकाम आणि दुर्मिळता यांप्रमाणे निवड करतात. 'फोटो शो'त छायाचित्रे पाठवतात. उत्तर अमेरिकेत 'नामसा' या संघटनेच्या मान्यताप्राप्त प्रदर्शनांत वर्गात पहिला किंवा दुसरा आलेला घोडा 'नॅन' या राष्ट्रीय प्रदर्शनासाठी पात्र ठरतो. ब्रायरचा स्वतःचा मेळा, ब्रायरफेस्ट, १९९० पासून केंटकीतील लेक्सिंग्टनच्या हॉर्स पार्कमध्ये भरतो.

साजकाराची खरी परीक्षा 'परफॉर्मन्स' वर्गात होते. इथे घोडा काय करतो आहे ते दाखवायचे असते आणि नियम खऱ्या स्पर्धेचेच लागतात. ड्रेसाजच्या (आखीव चालींच्या स्पर्धेच्या) घोड्याला मार्टिंगेल, म्हणजे डोके फार वर उचलू न देणारा पट्टा, चढवला की साज कितीही देखणा असो, मांडणी बाद ठरते. घोड्याची चालही प्रसंगाला जुळली पाहिजे. लगामाच्या वाद्या लोंबून पुढच्या पायाखाली येतील इतक्या लांब नसाव्यात. मांडणीसोबत एक छोटे कार्ड ठेवतात. त्यावर स्पर्धाप्रकार, चाल आणि लागू नियम नेमक्या शब्दांत लिहिलेला असतो, कारण परीक्षकाला प्रत्येक घोडाप्रकार पाठ असतोच असे नाही.

जपणूक

सेल्युलोज ॲसिटेट जुने झाले की त्यातून आम्ल सुटते. व्हिनेगरसारखा वास, चिकट घाम आणि आकसलेले अंग ही लक्षणे. असा घोडा बाकीच्यांपासून लगेच वेगळा काढावा, कारण साठून राहिलेले आम्लच बिघाड वाढवते. घोडे हवाबंद डब्यात ठेवू नयेत. उन्हाने पांढरा रंग पिवळा पडतो, आणि तापलेल्या गाडीत पाय वाकतात. वाकलेला पाय गरम पाण्यात धरून सरळ करावा आणि लगेच थंड पाण्यात बुडवावा. बबल-रॅप थेट अंगावर गुंडाळला तर त्याच्या गोल खुणा रंगावर उमटतात, म्हणून आधी मऊ कापड किंवा आम्लरहित कागद गुंडाळायचा.

साज घोड्याच्या अंगावर कायम चढवून ठेवू नये. चामड्याचा रंग उतरतो, बकलांचे वळ पडतात आणि वाद्यांना त्या एका आकाराची सवय लागते. प्रदर्शनानंतर मेण पुसून, बकले सोडून, वाद्या सपाट ठेवाव्यात. खोगिराच्या कमानीखाली आम्लरहित कागदाची गुंडाळी द्यावी.