जंतू शिरला कुठून? प्लेगच्या प्रयोगांची पार्श्वभूमी

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत प्लेग आढळला. जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली, आधी सशांवर तपासली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये गेली. आजची हाफकिन संस्था ती हीच.

पण जंतू कोणत्या वाटेने शिरतो याचा विचार करताना मोलाचा ठरतो तो नंतर मुंबईत झालेला, साथीचा अभ्यास करणाऱ्या प्लेग कमिशनचा प्रयोग. मुद्दाम बांधलेल्या खोल्यांत गिनीपिग ठेवले. मोकळे फिरणारे आजारी पडले, जमिनीपासून २ इंचांवरच्या पिंजऱ्यातलेही पडले. त्याच खोलीत २ फुटांवर टांगलेले मात्र धडधाकट राहिले. हवा सगळ्यांना एकच होती, पण प्लेग पसरवणाऱ्या पिसवांची उडी २ फुटांपर्यंत पोचत नाही. गाठीचा प्लेग हवेतून येत नाही, हे याहून नेटकेपणाने दाखवणं अवघड. तोच जंतू फुफ्फुसात उतरला की मात्र खोकल्याच्या तुषारांतून थेट माणसाला लागतो, हे १९१०-११ च्या मांचुरियातल्या साथीत डॉक्टर वू लिएन-तेह यांनी ओळखलं.

म्हणून जंतूच्या मारकतेचा आकडा सांगताना जंतू कोणत्या वाटेने दिला हे सांगावंच लागतं. आज उंदराला केटामाइन-झायलाझिनची भूल देऊन जंतू असलेला साधारण ५० मायक्रोलिटर द्रव नाकपुडीत थेंब थेंब सोडतात. १० मायक्रोलिटरच सोडलं तर बरंचसं नाकातच राहतं. भूल कच्ची असेल तर उंदीर ते शिंकरतो किंवा गिळतो. मग निम्मे प्राणी मारणारा डोस, म्हणजे एलडी-५०, उगाच मोठा दिसतो आणि जंतू आहे त्यापेक्षा सौम्य वाटतो. यावर उपाय एकच: डोस दिल्यावर लगेच एक-दोन उंदरांची फुफ्फुसं काढून, वाटून, आगरवर (जंतू वाढवण्याच्या जेलीवर) पसरून जंतूंच्या वसाहती मोजायच्या. फुफ्फुसाच्या प्लेगमध्ये तर पहिला दीड दिवस उंदीर वरून ठणठणीत दिसतो, आत जंतू वाढत असतात आणि तिसऱ्या दिवसाच्या सुमारास तो मरतो. नुसतं वजन पाहणारा इथे हमखास फसतो.

प्राणी कोणता निवडला, यानेही निकाल बदलतो. लोह ओढून घेण्याची यंत्रणा गमावलेला प्लेगचा वाण त्वचेखाली टोचला तर साधे उंदीर मरत नाहीत, म्हणून तो निरुपद्रवी मानला जाई. २००९ मध्ये शिकागोत तो हाताळणारे एक संशोधक दगावले. त्यांना शरीरात लोह साठत जाणारा आनुवंशिक आजार होता आणि तो निदान न होताच राहिला होता. पुढे तसंच लोह साठणारे उंदीर घेऊन तपासलं, तेव्हा या वाणाने त्यांनाही मारलं.