दोन मिनिटांचं संप्रेरक, आठवड्याचं इंजेक्शन

वजन उतरवणारी दोन इंजेक्शनं, २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही, भारतात आली. तेव्हापासून ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "चरबी वितळवणारं इंजेक्शन ते हेच ना?" या औषधांनी चरबी वितळत नाही. भूक मंदावते, माणूस कमी जेवतो आणि कमी पडलेली ऊर्जा शरीर साठलेल्या चरबीतून भागवतं. पण भूक मंदावते कशी, ही गोष्ट मला फार सुंदर वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

भाजी-भाकरी जेवलो की अन्न जठरातून आतड्यात उतरतं. आतड्याच्या अस्तरातल्या एल-पेशींना त्याची चाहूल लागते आणि त्या जीएलपी-१ नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. रक्तातली साखर वाढलेली असेल, तर ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन जास्त सोडवून घेतं. जठर रिकामं व्हायला वेळ लावतं. मेंदूला "पोट भरलं, आता पुरे" हा निरोपही मिळतो.

अडचण एकच. जीएलपी-१ रक्तात सोडल्यावर दोनेक मिनिटांत निम्मं निकामी होतं. ते ३० अमिनो आम्लांची साखळी असतं आणि टोकाकडून दुसऱ्या जागी अलॅनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. डीपीपी-४ नावाचं एन्झाइम नेमकं तेच ओळखतं आणि पहिली दोन अमिनो आम्लं छाटून टाकतं. घरात कुणाला मधुमेह असेल तर गोळ्यांच्या पाकिटावर व्हिल्डाग्लिप्टिन किंवा सिटाग्लिप्टिन वाचलं असेल. त्या गोळ्या याच एन्झाइमला अडवतात. साखर उतरते, पण वजन फारसं हलत नाही, कारण टिकून टिकून टिकणार ते शरीराचंच थोडंसं जीएलपी-१.

वाट दाखवली एका सरड्याने. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर हा विषारी सरडा राहतो. न्यूयॉर्कचे संशोधक जॉन एंग यांना त्याच्या विषात एक्सेंडिन-४ ही अशीच एक साखळी सापडली. जीएलपी-१ शी तिचं निम्मं साम्य, पण दुसऱ्या जागी अलॅनिनऐवजी ग्लायसिन, त्यामुळे डीपीपी-४ ची कात्री चालत नाही. त्यावरून आलेलं एक्सेनाटाइड २००५ मध्ये अमेरिकेत मधुमेहासाठी मंजूर झालं. ते दिवसातून दोनदा टोचावं लागे.

वेगोव्हीतलं सेमाग्लुटाइड मात्र माणसाच्याच साखळीवर रचलेलं आहे. दुसऱ्या जागच्या अलॅनिनवर एक जादा मिथाइल गट चढवला, आणि तेवढ्या उंचवट्याने एन्झाइमची पकड बसेना. राहिलं मूत्रपिंड, कारण इतका लहान रेणू तिथून गाळून जातो. म्हणून साखळीला १८ कार्बनांचं मेदाम्ल जोडलं. ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला बिलगून राहतं. अल्ब्युमिन मोठं, गाळणीतून जात नाही, आणि त्याला चिकटलेलं औषधही जात नाही. रक्तातलं औषध निम्मं व्हायला सुमारे आठवडा लागतो, म्हणून आठवड्याला एक टोचणी पुरते! मौंजारोतलं टिर्झेपटाइड जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं.

ओझेम्पिक म्हणजेही सेमाग्लुटाइडच. ओट्स आणि लिंबाच्या पेयाला "नैसर्गिक ओझेम्पिक" म्हणणाऱ्या व्हिडिओंवर विश्वास ठेवू नका. त्यात यातलं काहीही नसतं. खऱ्या औषधालाही मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता चिकटलेली आहे आणि चरबीबरोबर थोडे स्नायूही जातात. डोस डॉक्टरच हळूहळू वाढवतात, तो मनाने घेऊ नये.

सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. त्यातल्याच काही लोकांवर पुढे लक्ष ठेवलं, तेव्हा औषध थांबवल्यानंतरच्या वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं होतं. आठवडाभर टिकणारा निरोप्या गेला आणि दोन मिनिटांचा तेवढा उरला.