सीलिअ‍ॅक रोग : प्रमाण आणि हुकणारे निदान

गहू, जव व राय या धान्यांतील ग्लूटेन हे प्रथिन पोटात गेल्यावर, जनुकीय प्रवणता असलेल्या व्यक्तींची रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्नरस शोषणारे रसांकुर झिजून सपाट होतात. या आजीवन विकारास सीलिअ‍ॅक रोग म्हणतात.

जगभरातील पाहण्यांच्या २०१८ मधील एकत्रित विश्लेषणानुसार, रक्तात या रोगाचे प्रतिपिंड (रोगप्रतिकार यंत्रणेने तयार केलेली प्रथिने) आढळणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १.४ टक्के, तर बायॉप्सीने (आतड्याच्या अस्तराचा सूक्ष्म तुकडा काढून केलेल्या तपासणीने) रोग सिद्ध झालेल्यांचे सुमारे ०.७ टक्के आहे. रोग दुर्मिळ नाही. दुर्मिळ आहे ते त्याचे निदान. अमेरिकेतील २००९-१० च्या राष्ट्रीय पाहणीत दर १४१ जणांमागे एकाला हा रोग आढळला आणि त्यांपैकी बहुतेकांना त्याची कल्पनाच नव्हती.

ब्रिटिश वैद्य सॅम्युएल जी यांनी १८८८ मध्ये वर्णिलेले जुलाबांनी खंगलेले मूल हेच चित्र वैद्यकाच्या मनात दीर्घकाळ ठसून राहिले. प्रौढांमध्ये मात्र लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा रक्तक्षय, हाडांचा ठिसूळपणा, वंध्यत्व, वारंवार गर्भपात, तोंडातील व्रण किंवा खाज सुटणारे फोड एवढ्याच रूपात रोग प्रकटू शकतो. प्रत्येक तक्रारीवर वेगळा तज्ज्ञ उपचार करत राहतो आणि त्यांना जोडणारे मूळ कारण वर्षानुवर्षे कोणी शोधत नाही. काहींना ‘आतड्याची संवेदनशीलता’ एवढेच सांगितले जाते, तर काहींना लक्षणेच नसतात.

तपासणीतही रोग निसटतो. नेहमीची चाचणी आयजीए प्रकारच्या प्रतिपिंडांवर आधारलेली असल्याने, ज्यांच्या शरीरात आयजीएच कमी असते अशा सुमारे २ ते ३ टक्के रुग्णांत ती फसवी ठरू शकते. त्याहून खेदाची आणि सर्वस्वी टाळता येण्याजोगी चूक म्हणजे तपासणीआधीच ग्लूटेन सोडणे, कारण मग प्रतिपिंड घटतात, आतड्याचे अस्तर सावरू लागते आणि अहवाल निर्दोष येऊ शकतो.

रुग्णाचे आईवडील, भावंडे व मुले यांच्यात या रोगाचे प्रमाण सुमारे ७.५ टक्के असते. टाइप १ मधुमेह, थायरॉइडचे स्वप्रतिकार विकार, डाउन सिंड्रोम व टर्नर सिंड्रोम हे गुणसूत्रांचे विकार असलेल्यांतही ते वाढलेले दिसते. म्हणून लक्षणे नसली तरी अशांची तपासणी करण्याकडे तज्ज्ञांचा कल आहे. सरसकट लोकसंख्येच्या चाचणीबाबत मात्र मतभेद आहेत. इटलीने २०२३ मध्ये कायदा करून मुलांमध्ये टाइप १ मधुमेहासोबत सीलिअ‍ॅक रोगाच्याही राष्ट्रव्यापी चाळणी तपासणीची तरतूद केली.