जे घटनास्थळी नव्हते, त्यांचे मानसिक आरोग्य

पोलिसांच्या हातून एखादी व्यक्ती मारली गेली, तर तिच्या कुटुंबीयांवर आणि प्रत्यक्षदर्शींवर काय आघात होतो, हे समजण्यासाठी संशोधनाची गरज नाही. अमेरिकेतील काही संशोधकांना पडलेला प्रश्न याहून अवघड होता. मृत व्यक्तीला कधीही न भेटलेल्या, दूरच्या शहरात राहणाऱ्या आणि फक्त बातमी कानावर आलेल्या माणसाच्या मनावर त्या घटनेचा मोजता येईल इतका परिणाम होतो का, आणि तो त्या माणसाच्या वंशानुसार बदलतो का?

असा प्रयोग मुद्दाम घडवून आणता येत नाही. दोन राज्यांची थेट तुलनाही उपयोगाची नाही, कारण गरिबी, बेकारी, घरांची अवस्था आणि दवाखान्यांची उपलब्धता अशा कितीतरी बाबतींत राज्याराज्यांत फरक असतो आणि त्यांपैकी प्रत्येक गोष्ट मानसिक आरोग्यावर परिणाम करते. बोस्टन, पेनसिल्व्हेनिया आणि हार्वर्ड विद्यापीठांतील जेकब बोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून वाट काढली आणि त्यांचा अभ्यास 2018 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अमेरिकेत आरोग्यविषयक एक मोठे सर्वेक्षण वर्षभर दूरध्वनीवरून चालू असते. त्यात ‘गेल्या 30 दिवसांपैकी किती दिवस तुमचे मानसिक स्वास्थ्य चांगले नव्हते?’ असा एक साधा प्रश्न असतो. कोणाला कोणत्या दिवशी फोन जाईल, याचा पोलिसांच्या हातून होणाऱ्या मृत्यूंशी काहीच संबंध नसतो. त्यामुळे एकाच राज्यात एखाद्या घटनेच्या आधी फोन आलेले लोक आणि नंतर फोन आलेले लोक असे दोन गट आपोआप तयार होतात, आणि योगायोगाने पडलेली ही विभागणी प्रयोगाची जागा बऱ्याच अंशी भरून काढते.

2013 ते 2015 या काळात उत्तरे दिलेल्या 1,03,710 कृष्णवर्णीय व्यक्तींची माहिती त्यांनी तपासली. मुलाखतीच्या आधीच्या तीन महिन्यांत राज्यात निःशस्त्र कृष्णवर्णीय व्यक्ती पोलिसांकडून मारली गेली असेल, तर अशा प्रत्येक घटनेमागे अस्वास्थ्याचे सरासरी 0.14 दिवस वाढलेले आढळले. म्हणजे साडेतीन तासांहूनही कमी. आकडा क्षुल्लक वाटतो खरा, पण तो राज्यातील प्रत्येक कृष्णवर्णीय प्रौढाच्या वाट्याला येणारी सरासरी आहे आणि अशा घटना वर्षभर घडत राहतात. देशभराचा हिशेब केल्यावर संशोधकांचा अंदाज वर्षाला साडेपाच कोटी अस्वस्थ दिवसांपर्यंत पोहोचला.

माझ्या मते या अभ्यासातील सर्वांत मोलाचा भाग या आकड्यात नाही, तर जिथे काहीच सापडले नाही त्या नोंदींत आहे. याच घटनांनंतर श्वेतवर्णीयांच्या उत्तरांत फरक पडला नाही. मारली गेलेली कृष्णवर्णीय व्यक्ती सशस्त्र होती, तेव्हा कृष्णवर्णीयांच्या उत्तरांतही तो दिसला नाही. निःशस्त्र श्वेतवर्णीय व्यक्ती मारली गेली, तेव्हाही नाही. हिंसेच्या कोणत्याही बातमीने माणसे खचतात, एवढेच कारण असते तर परिणाम या सगळ्या ठिकाणी दिसायला हवा होता. तो एकाच प्रकारच्या घटनेला चिकटून राहिला, यावरून लोकांना केवळ मृत्यूचा नव्हे, तर त्यामागे दिसणाऱ्या अन्यायाचा धक्का बसत असावा, असे अनुमान निघते.

अर्थात, ‘निःशस्त्र’ कोणाला म्हणायचे यावर वाद झालाच. गुन्हेशास्त्राच्या काही अभ्यासकांनी मूळ यादी पुन्हा तपासली आणि अनेक घटनांचे वर्गीकरण चुकल्याचा आक्षेप घेतला. या आक्षेपाचे मूळ व्यवस्थेतच आहे. पोलिसांच्या हातून होणाऱ्या मृत्यूंची संपूर्ण आणि सक्तीची राष्ट्रीय नोंद अमेरिकेत त्या काळी नव्हती, त्यामुळे संशोधकांना वृत्तपत्रे व स्वयंसेवी गटांनी जमवलेल्या याद्यांवर विसंबावे लागले.

मृत्यूपर्यंत न पोहोचणाऱ्या पोलिसी वागणुकीचाही अभ्यास झालेला आहे. न्यूयॉर्कमध्ये रस्त्यात अडवून झडती घेण्याच्या धोरणाखाली 2011 मध्ये 6,85,724 वेळा लोकांना थांबवण्यात आले. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाचे) होते व बहुतेकांवर पुढे कोणतीही कारवाई झाली नाही. याच शहरातील 18 ते 26 वयोगटातील 1,261 तरुणांची अमांडा गेलर आणि सहकाऱ्यांनी फोनवरून पाहणी केली. ज्यांना अधिक वेळा आणि अधिक दांडगाईने अडवले गेले होते, त्यांच्यात चिंता आणि मानसिक आघाताची लक्षणे अधिक होती. एकदाच केलेल्या पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे येथे ध्यानात ठेवावे लागते. लॉस एंजेलिसमधील शाळकरी मुलांवरील डेझमंड आंग यांचे काम या दृष्टीने अधिक भक्कम आहे. घराजवळ, म्हणजे सुमारे 800 मीटरच्या आत, पोलिसांकडून कोणी मारले गेल्यास कृष्णवर्णीय व लॅटिनो विद्यार्थ्यांचे गुण घसरतात आणि ही घसरण पुढील कित्येक सत्रे टिकते, असे त्यांना आढळले.

मानसिक त्रासाच्या प्रसंगी पोलिसांऐवजी दुसऱ्या कोणाला पाठवता येईल का, याची चाचणी डेन्व्हर शहराने जून 2020 पासून घेतली. काही विशिष्ट प्रकारच्या आपत्कालीन फोनवर तेथे मानसोपचार जाणणारा कार्यकर्ता आणि एक पॅरामेडिक (तातडीचे प्राथमिक उपचार करणारा कर्मचारी) व्हॅनमधून जाऊ लागले. पहिल्या सहा महिन्यांत त्यांनी हाताळलेल्या 748 प्रसंगांपैकी एकातही अटक झाली नाही, आणि स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांच्या विश्लेषणानुसार त्या भागांतील किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी 34 टक्क्यांनी घटल्या. त्या विश्लेषणात मोजले गेले ते गुन्हे. शेजारपाजारच्या रहिवाशांच्या मनावरचा ताण कमी झाला का, हा त्याचा विषय नव्हता.