पिल्लाचं पोट भरलं की नाही, हे बाऊलला विचारू नका

जेवण होऊन दोन मिनिटं पण झाली नाहीत, बाऊल असा चाटूनपुसून लख्ख की धुवायचीही गरज वाटू नये, आणि कुत्र्याचं पिल्लू समोर बसून असं बघतंय की बाहेरच्या माणसाला वाटावं या घरात त्या बिचाऱ्याला कोणी घासभर खायला घालत नाही. पहिलं पिल्लू आणलं तेव्हा मी या नजरेला रोज बळी पडायचे. थोडं अजून घाला, वाढीचं वय आहे, खाऊ दे. वजन करायला व्हेटकडे नेलं तर त्यांनी आकडा बघायच्या आधी पिल्लाच्या छातीवर हात फिरवला आणि म्हणाले, बरगड्या सापडत नाहीयेत.

तिथे डोक्यात प्रकाश पडला. आपण मोजत असतो बाऊल आणि मोजायला हवं पिल्लू.

आपली एक सवय नडते ती म्हणजे गुटगुटीतपणाचं कौतुक. माणसाचं बाळ बाळसं धरलं की घरादाराला बरं वाटतं आणि तेच माप आपण नकळत कुत्र्याच्या पिल्लाला लावतो. आईच्या दुधावर असताना पिल्लू गोलमटोल असतं ते ठीकच आहे, पण दूध सुटल्यावर, म्हणजे साधारण दोन-तीन महिन्यांपासून पुढे, ते हळूहळू सडसडीत दिसायला लागणं हेच नॉर्मल आहे. मधल्या काळात तर ते नुसतं लांब पाय आणि मोठे कान असलेलं विचित्र प्रकरण दिसतं आणि नेमकं तेव्हाच येणारे-जाणारे विचारतात, काय हो, याला खायला देत नाही का?

आता भुकेबद्दल. भूक हे गरजेचं माप नाही, निदान सगळ्या कुत्र्यांमध्ये तरी नाही. लॅब्रॅडॉरवाले 'याला भस्म्या झालाय' म्हणतात ना, ती नुसती चेष्टा नाही. 2016 मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की बऱ्याच लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकातली डीएनएची 14 अक्षरं गळालेली असतात, तपासलेल्यांपैकी जवळजवळ चारातल्या एका कुत्र्यात. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचवणारी जी साखळी आहे त्यातले काही पदार्थ या जनुकापासून बनतात, ते नीट बनले नाहीत की निरोप अर्धवट पोचतो. त्यावर 2024 मध्ये अजून एक गोष्ट कळली, ती म्हणजे असा बदल असलेली कुत्री नुसती पडून असताना सुमारे 25% कमी ऊर्जा खर्च करतात. म्हणजे भूक जास्त आणि गरज कमी, दोन्ही बाजूंनी मार. अशा पिल्लाला 'खाईल तेवढं' द्यायचं ठरवलं तर झालंच.

मग खाण्याच्या पाकिटावर किती द्यायचं याचा तक्ता असतो, तो बघायचा का? बघायचा, पण नीट वाचून. इथे हमखास होणारी चूक म्हणजे काही तक्त्यांमध्ये वजनाचा रकाना पिल्लाच्या आजच्या वजनाचा असतो आणि काहींमध्ये ते मोठं झाल्यावर किती किलोचं होणार त्याचा, शेजारी वय महिन्यांत. उलटसुलट वाचलं की माप पार चुकतं. शिवाय तो तक्ता सरासरी पिल्लासाठी असतो, तुमच्या घरातलं पिल्लू सरासरी असेलच असं नाही. तो आकडा म्हणजे फक्त सुरुवात.

स्वतः हिशेब करायचा असेल तर साधा कॅल्क्युलेटर पुरतो आणि हे करून बघायला मजा येते. पिल्लाचं वजन किलोमध्ये घ्या, त्याला त्यानेच दोनदा गुणा, म्हणजे 5 किलो असेल तर 5 गुणिले 5 गुणिले 5, झाले 125. आता वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा, 3.34 येतात. त्याला 70 ने गुणलं की साधारण 234 कॅलरी (पाकिटावर ज्याला किलोकॅलरी लिहितात त्याच), ही नुसतं स्वस्थ पडून राहण्यासाठी लागणारी ऊर्जा. चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला याच्या अंदाजे तिप्पट लागते आणि त्यानंतर वाढ संपत येईपर्यंत दुप्पट. म्हणजे आपल्या 5 किलोच्या तीन महिन्यांच्या पिल्लाला सुमारे 700 कॅलरी. ड्राय फूडच्या 100 ग्रॅममध्ये 370 कॅलरी असतील (पाकिटावर लिहिलेलं असतं, ब्रँडप्रमाणे बदलतं) तर दिवसाला साधारण 190 ग्रॅम.

आता गंमत बघा. तेच पिल्लू पाच महिन्यांचं झालं, वजन दुप्पट, 10 किलो. पुन्हा तोच हिशेब केला की स्वस्थ पडण्याची गरज 394, त्याची दुप्पट 787 कॅलरी, म्हणजे 213 ग्रॅम. वजन दुप्पट झालं आणि खाणं वाढलं फक्त 20-25 ग्रॅम! इथेच लोक फसतात, पिल्लू डबल झालं म्हणून खाणंही डबल करतात. लहान पिल्लू किलोमागे खूप जास्त खातं कारण त्याचं शरीर भरभर बांधलं जात असतं, वाढीचा वेग उतरला की किलोमागची गरजही उतरते. अर्थात चार महिने पूर्ण झाले त्या सकाळी काही तिप्पटीचं दुप्पट होत नाही, हा ढोबळ हिशेब आहे, उतरण हळूहळू असते आणि त्याच वयाच्या दोन पिल्लांच्या गरजेत चांगलाच फरक असू शकतो.

आणि हो, मोजायचं ते वजनकाट्यावर. कपाने मोजलं तर कधी शिगोशीग भरतो, कधी जरा कमी, घरातल्या प्रत्येकाचा कप वेगळा. याच्यावर कोणीतरी खरंच अभ्यास केलाय, कपाने ड्राय फूड मोजायला लावल्यावर लोकांचं माप 18% कमीपासून 80% जास्तपर्यंत चुकलं, आणि माप जितकं छोटं तितकी चूक मोठी.

आता मुख्य गोष्ट, हात. आधी स्वतःच्या हातावर सराव करा. मूठ वळा आणि दुसऱ्या हाताची बोटं मुठीच्या उंचवट्यांवरून फिरवा, टकटक लागणारी हाडं. पिल्लाच्या बरगड्या अशा लागल्या तर ते बारीक आहे. आता मूठ उघडा, तळहात वर करा आणि बोटांच्या मुळाशी जो मऊ गादीसारखा भाग आहे तिथे दाबून बघा, हाड आहे माहीत असतं पण शोधावं लागतं. बरगड्या अशा लागल्या तर जास्त झालंय. शेवटी हात सरळ ठेवून पालथा करा आणि मागच्या बाजूवरून बोटं फिरवा, पातळ कातडीखाली हाडं सहज कळतात पण टोचत नाहीत. पिल्लाच्या बरगड्या अशा लागायला हव्यात. हे अंगठे पाठीवर आणि बाकीची बोटं दोन्ही कुशींवर ठेवून, जवळजवळ न दाबता करायचं.

मग पिल्लू उभं असताना वरून बघा, बरगड्या संपल्या की कंबर थोडी आत गेलेली दिसली पाहिजे, आणि बाजूने बघितलं तर पोटाची रेघ मागच्या पायांकडे वर चढलेली. जेवणाआधी बघा, कारण जेवल्यावर छोट्या पिल्लाचं पोट ढोलासारखं होतंच. दाट केसांची जात असेल तर डोळ्यांवर अजिबात विसंबू नका, त्या केसांखाली काहीही लपतं. व्हेट हेच सगळं बघून 1 (अगदी हडकुळं) ते 9 (अगदी लठ्ठ) असा गुण देतात, 4 किंवा 5 आला की उत्तम.

पोटावरून एक आठवलं. बरगड्या लागतायत, कणा लागतोय आणि पोट मात्र फुग्यासारखं, असं असेल तर ते जास्त खाण्याचं लक्षण नाही, बहुतेकदा जंत असतात. गोल जंत पिल्लाला आईच्या पोटात असतानाच आणि नंतर दुधातून मिळतात, म्हणून तर जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून सुरू करतात. अशा वेळी खाणं वाढवलं तर जंतांचीच सोय होते.

थोडं कमी खायला घातलं तर वाढ खुंटेल ही भीती सगळ्यांना असते, मलाही होती. यावरचा सगळ्यात गाजलेला अभ्यास प्युरिना कंपनीने केला. 48 लॅब्रॅडॉर पिल्लं, एकाच वेतातल्या भावंडांच्या 24 जोड्या, आठ आठवड्यांच्या वयापासून सुरुवात. जोडीतलं एक जेवढं खाईल त्याच्या 25% कमी दुसऱ्याला द्यायचं, आणि हे जन्मभर. 2002 मध्ये निकाल आले. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मी कुत्री ज्याच्या पुढे जगली ते वय) 13 वर्षं, जास्त खाणाऱ्यांचं 11.2. सांधेदुखीच्या कायमच्या औषधांची वेळही कमी खाणाऱ्यांवर जवळजवळ तीन वर्षं उशिरा आली आणि खुब्याच्या सांध्याचे त्रास लहानपणापासूनच कमी होते. कुत्र्याचं खाणं विकणाऱ्या कंपनीनेच हे सांगितलं हे मला फार आवडतं. मात्र यावरून कोणी आपल्या पिल्लाचं खाणं सरसकट 25% कापू नये, तिथे कापलं ते भरपूर खाणाऱ्या भावंडाच्या मापातून, आणि कमी खाणारी कुत्री हडकुळी नव्हती, साधारण योग्य अंगाचीच होती.

मोठ्या जातींमध्ये हे जास्तच महत्त्वाचं. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर यांची हाडं अजून कच्ची असतात आणि वर वजन भराभर चढवलं की सांध्यांवर भार येतो. पिल्लू शेवटी केवढं होणार हे बरंचसं आईबापांवरून ठरलेलं असतं, जास्त खाऊ घातल्याने ते मोठं होत नाही, फक्त घाईने वाढतं. आणि कृपा करून कॅल्शियमचं टॉनिक वरून घालू नका. मोठं कुत्रं जास्तीचं कॅल्शियम आतड्यातच अडवतं, पण साधारण सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला ते धड जमत नाही, दिलं तेवढ्यातलं बरंच आत शिरतं. 1980 च्या दशकात नेदरलँड्समध्ये ग्रेट डेनच्या पिल्लांवर हे तपासलं, जास्त कॅल्शियमवाल्यांची हाडं बिघडली. चांगल्या पपी फूडमध्ये ते मोजून घातलेलं असतंच.

एकदम छोट्या जातींचं मात्र उलटं. चिवावा, यॉर्कशायर टेरियर अशांच्या पिल्लांकडे साखरेचा साठा फारच थोडा, एखादं जेवण चुकलं तरी रक्तातली साखर घसरून ती गळून जातात, लडखडतात, क्वचित झटके येतात. यांना जेवणं लहान आणि जास्त वेळा. बाकीच्यांना तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि मग दोन, एवढं बास. ट्रीट्स धरायच्या त्या याच हिशेबात, दिवसाच्या कॅलरींच्या 10% पर्यंत. ट्रेनिंग चालू असताना त्या कशा वाढत जातात कळतही नाही, मी तर सरळ जेवणातलेच दाणे खिशात घेऊन फिरते.

वजन आठवड्याला एकदा करा. पिल्लाला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकटं, आणि वजाबाकी. एकाच आकड्याला अर्थ नसतो, रेघ कशी चढतेय ते बघायचं. माणसांच्या बाळांसारखे वाढीचे तक्ते कुत्र्यांसाठीही 2017 मध्ये आले, पाळीव प्राण्यांवर संशोधन करणाऱ्या वॉल्थम संस्थेने केलेले, मोठेपणी 40 किलोपर्यंत होणाऱ्या कुत्र्यांसाठी, नर-मादी वेगळे. त्यात वाढीच्या एकावर एक रेषा असतात, पिल्लू वरच्या रेषेवर आहे की खालच्या याने फारसं बिघडत नाही, पण आपली रेषा सोडून एकदम दोन रेषा वर किंवा खाली गेलं तर विचारायला हवं. नसबंदीनंतर तर खास लक्ष ठेवा कारण ऊर्जेची गरज 20-30% उतरते आणि भूक उलट वाढते.

शी पण बघा, हो. घट्ट, आकार असलेली असेल तर ठीक. सकाळची चांगली आणि रात्रीपर्यंत पातळ होत जात असेल, पिल्लू बाकी मस्त खेळतंय, तर बऱ्याचदा खाणं जरा जास्त होतंय एवढंच असतं. पण जुलाब, उलटी, मरगळ, किंवा नेहमी बाऊलवर तुटून पडणारं पिल्लू तोंड फिरवतंय, तर तिथे हिशेब करत बसू नका, व्हेटला फोन करा. चार ते सहा महिन्यांत दुधाचे 28 दात पडून 42 पक्के येतात, तेव्हा हिरड्या दुखून दोन दिवस कुरकुर होते, ते वेगळं.

आणि बरगड्या बघून माप बदलायचं ठरवलंत तर एकदम अर्धं करू नका, 10% कमी किंवा जास्त करा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा हात फिरवून बघा, त्याआधी बोटांना फरक कळत नाही.