उसाच्या टनामागचे पंधरा रुपये आणि कृष्णाकाठची पूरतयारी

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस गाळप हंगामाचे धोरण ठरवायला मंत्रिसमिती बसली. गाळप १ नोव्हेंबरपासून, हा निर्णय झाला आणि सोबत आणखी एक: गाळलेल्या प्रत्येक टनामागे १५ रुपये घ्यायचे, त्यातले १० मुख्यमंत्री सहायता निधीला आणि ५ त्या महिन्यात मराठवाडा-सोलापूरकडे झालेल्या अतिवृष्टीतल्या पूरग्रस्त शेतकऱ्यांना. दोन दिवसांत विषय पेटला. शेतकऱ्याच्या खिशातून शेतकऱ्याला मदत, अशी टीका झाली. हे पैसे उसाच्या दरातून नव्हे तर कारखान्यांच्या नफ्यातून घ्यायचे आहेत, असा खुलासा सरकारने केला. कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, मिरज, कराड भागात मात्र त्यावरची चर्चा वेगळ्या अंगाने गेली. इथला ऊस उत्पादक स्वतः तीनदा पुरात गेलेला आहे, आणि त्याच्या गावाच्या पूरतयारीला टनामागे एक रुपयाही कधी बाजूला पडलेला नाही.

आपत्तीसाठी पैसा उभा करण्याच्या या भागातल्या रीती जुन्या आहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतर पाटण तालुक्यात बाहेरून धान्य, कपडे, पत्रे आले. ती सगळी झाली तातडीची मदत. आपत्तीसाठी कायमचा पैसा कसा उभा राहतो, याचा राज्यातला खरा धडा १९७२ च्या दुष्काळाने दिला. रोजगार हमीला पैसा हवा म्हणून १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर आला आणि करातून येईल तेवढीच रक्कम सरकारने स्वतःची घालायची, असे ठरले. पगारदार माणसाच्या पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये आजही जातात, त्याचे मूळ त्या दुष्काळात आहे. कर कुणी भरायचा, कशासाठी भरायचा आणि सरकारचा वाटा किती, हे तिन्ही लिहिलेले होते. पुराच्या बाबतीत असे काही लिहिले गेले नाही.

२००५ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५३ फुटांच्या वर गेले. त्याच वर्षी देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. धोका टाळण्यासाठी वेगळा निधी असावा, ही कल्पना त्या कायद्यात आहे. पण राज्यांच्या हातात तो वेगळा पैसा पडायला २०२१ उजाडले. मधली सोळा वर्षे जो काही पैसा होता तो पाणी आल्यावरचा होता: छावणी, धान्य, पंचनामा, सानुग्रह अनुदान. तलाठ्याने पंचनामा करायचा, यादी चावडीवर लागायची, नाव राहिले की हेलपाटे सुरू.

ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि २००५ ची खूण पाण्याखाली बुडाली. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला माणसे बाहेर काढणारी नाव उलटली. त्या दिवसानंतर काठावरच्या गावांत पूरतयारी हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी आला. त्याआधी तो जिल्हा आराखड्याच्या कागदात होता. राज्याने केंद्राकडे ६,८१३ कोटी रुपये मागितले, त्यातले ४,७०८ कोटी सांगली, कोल्हापूर आणि सातारा या तीन जिल्ह्यांसाठी. मदतीसाठी घर किती दिवस पाण्यात होते, या अटीवरून गावोगाव वाद झाले. अंगणात एक दिवस पाणी राहून भिंत ढासळलेला माणूस आणि दोन दिवस पाण्यात राहूनही भिंत शाबूत असलेला माणूस, या दोघांत मोजमाप कसे करायचे, हे कुणालाच नीट सांगता येत नव्हते. माझ्या मते त्या अटीने मदतीपेक्षा मनस्ताप जास्त दिला.

त्याच वेळी बाहेरून ट्रकच्या ट्रक आले. पुण्या-मुंबईची मंडळे, कर्मचारी संघटना, परगावी गेलेली इथली मुले, सगळ्यांनी हात दिला. चादरी आणि पाण्याच्या बाटल्या इतक्या आल्या की शाळांच्या खोल्या भरल्या. काही गावे दत्तक घेतली गेली. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर देणगीदारांनी गावेच्या गावे दत्तक घेऊन घरे बांधली होती, त्याचीच ही पुढची पायरी. फरक इतकाच की किल्लारीला गाव हलवायचे ठरले होते, इथे गाव हलणार की नाही तेच ठरलेले नव्हते. देणगीदार घर बांधायला तयार आणि जागा पूररेषेत, अशी अडचण उभी राहिली. घर दिसते, त्याचा फोटो निघतो. पुढच्या वर्षीच्या बोटीच्या इंजिनाच्या दुरुस्तीचा फोटो कोण काढणार? नदीकाठच्या एका गावाला पुरानंतर मिळालेली फायबरची बोट मी शाळेच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पाहिली आहे. डिझेल, दर वर्षीची चाचणी आणि चार पोरांचे प्रशिक्षण, यासाठी ग्रामपंचायतीकडे कोणते खाते नाही, असे मला तिथे सांगण्यात आले. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात (२०२१-२६) गावाला मिळणाऱ्या पैशातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. उरलेल्या ४० टक्क्यांवर गटारापासून दिव्यापर्यंत सगळ्यांची नजर.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या पैशाचा रस्ता तेव्हा नुकताच उघडला होता. आपत्ती व्यवस्थापन, त्यात मदत, पुनर्वसन आणि पुनर्बांधणी, हे कलम कंपनी कायद्याच्या अनुसूचीत ३० मे २०१९ ला आले, म्हणजे महापुराच्या दोन महिने आधी. पण मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेली रक्कम त्या दायित्वात मोजली जाणार नाही, हे एप्रिल २०२० मध्ये केंद्राने स्पष्ट केले. पंतप्रधानांच्या नावे त्याच काळात काढलेल्या निधीला दिलेली मात्र मोजली जाते. कुपवाडच्या किंवा पलूसच्या कारखानदाराने पैसे कुठे द्यावेत, हे इथूनच वळते.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५४ फुटांच्या आसपास गेले आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. ऑगस्टमध्ये राज्याने ११,५०० कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात तातडीच्या मदतीला १,५०० कोटी, पुनर्बांधणीला ३,००० आणि धोका कमी करण्याच्या कामांना ७,००० कोटी अशी विभागणी होती. भविष्याला वर्तमानापेक्षा जास्त, असे प्रथमच कागदावर आले. त्याच वर्षापासून लागू झालेल्या वित्त आयोगाच्या सूत्रातही २० टक्के धोका कमी करण्याला आणि ८० टक्के प्रतिसादाला, आणि त्या ८० मध्ये ४० मदतीला, ३० पुनर्बांधणीला, १० सज्जतेला असे ठरले. सज्जतेला शंभरातले दहा. तेही जिल्ह्यापर्यंत येईपर्यंत यंत्रसामग्रीच्या खरेदीत विरतात, गावाच्या प्रशिक्षणापर्यंत फार थोडे पोचते. जागतिक बँकेच्या कर्जातून कृष्णा खोऱ्यातील पूर नियंत्रणाचा मोठा कार्यक्रमही त्यानंतर आला. तो नदीचा प्रकल्प आहे. दरडीखालून वाचलेल्या कुटुंबांच्या कायमच्या घरांना मात्र वर्षे लागली.

आता पुन्हा पंधरा रुपयांकडे. या वादात अडचण आहे ती ‘कपात’ या शब्दाची, कारण कृष्णाकाठी हा एकच शब्द पाच गोष्टींना वापरला जातो. तोडणी-वाहतुकीची कपात दरातून होते आणि ती सगळ्यांना मान्य आहे. भागभांडवलाची कपात सभासद होण्याची. परतीची ठेव व्याजासह परत मिळायची असते. बिनपरतीची ठेव मात्र परत मिळत नाही, तरी तिला ठेवच म्हणतात, आणि सहकारी साखर कारखान्यांचे कर्ज आणि विस्तार त्यावर उभे राहिले. शाळा, महाविद्यालय, दवाखाना यांच्यासाठी टनामागे काही पैसे ही पाचवी. या पाचव्या कपातीतून या जिल्ह्यात खरोखर संस्था उभ्या राहिल्या, हे नाकारून चालणार नाही. आमच्या आधीच्या पिढीने ती राजीखुशीने दिली, कारण सर्वसाधारण सभेत हात वर करून ठराव व्हायचा आणि इमारत डोळ्यांदेखत वर चढायची.

सरकारी निधीचे पैसे या रांगेत कुठे बसतात, हाच गुंता आहे. सरकार म्हणते कारखान्याकडून, शेतकऱ्याकडून नाही. कायद्याच्या भाषेत ते बरोबर असेल, कारण रास्त आणि किफायतशीर दर (एफआरपी) १४ दिवसांत पूर्ण द्यावाच लागतो, २०२५-२६ साठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये. पण सहकारी कारखान्याचा नफा कुणाचा? सभासदाचाच. दराच्या वर जो हप्ता मिळायचा, त्याच्या बोलण्यात हे पंधरा रुपये येणारच. एकराला ४० टन पडले तर ६०० रुपये. दहा लाख टन गाळणाऱ्या एका कारखान्याचे दीड कोटी.

६०० रुपये देण्याला इथला शेतकरी नकार देत नाही. २०१९ मध्ये मराठवाड्यातून गाड्या आल्या होत्या, ते लोक विसरलेले नाहीत. मागणी आहे ती एवढीच: कपात झाली तर तिला नाव हवे, सभेचा ठराव हवा आणि त्यातला काही भाग काठावरच्या गावांच्या बोटी, उंचावरचे जनावरांचे गोठे आणि तरुणांचे प्रशिक्षण यांसाठी खोऱ्यातच राहावा. तो भाग ठेवायचा कुठे, हा प्रश्न आहेच. मुख्यमंत्र्यांच्या निधीत गेलेला पैसा गावाच्या नावाने परत येत नाही. गावाने स्वतः वर्गणी काढायची, तर सार्वजनिक न्यासांच्या कायद्यातल्या ४१ क कलमाप्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. यात्रेच्या घरटी वर्गणीची सवय असलेल्या गावांत हे कलम ठाऊक असलेला माणूस क्वचित सापडतो. २०१९ च्या गर्दीत कित्येकांनी पावती पुस्तके छापून पैसे गोळा केले आणि नंतर हिशेब मागणाऱ्यांपुढे त्यांना गप्प बसावे लागले. आता काही गावांत ग्रामसभेच्या ठरावाने वेगळे खाते उघडण्याची बोलणी सुरू आहेत. त्यात कारखान्याची टनामागची रक्कम थेट जमा करायची की कंपन्यांच्या दायित्वाचा पैसा घ्यायचा, यावर अजून एकमत नाही.