सह्याद्रीच्या शिलालेखांतले ब्राह्मण आणि श्रमण

नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात, ओसरीच्या मागच्या भिंतीवर एक लांबलचक लेख कोरलेला आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या 19व्या वर्षी त्याची आजी गौतमी बलश्री हिने हे लेणे भद्रायणीय या बौद्ध पंथाच्या भिक्खूंना दान दिले, हा त्याचा मूळ विषय. पण दानाचा तपशील यायच्या आधी बलश्रीने आपल्या दिवंगत मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, भरभरून स्तुती केली आहे. तो ‘एकबम्हण’ म्हणजे अद्वितीय ब्राह्मण होता. त्याने क्षत्रियांचा दर्प मोडला, शक-यवन-पल्हवांचा नाश केला. पराक्रमात तो राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या तोडीचा होता. आणि त्याने चार वर्णांचा संकर थांबवला.

हे सगळे बौद्ध भिक्खूंच्या निवासात, त्यांच्या दाराशी कोरलेले आहे. जन्मावरून माणसाची थोरवी ठरत नाही असे ज्या परंपरेने ठामपणे सांगितले, तिच्या भिक्खूंनी रोज येता-जाता वर्णसंकर थांबवणाऱ्या राजाची ही प्रशस्ती पाहिली असणार.

बौद्ध आणि वैदिक परंपरांच्या जुन्या नात्याविषयी आपल्याकडे दोन समजुती रुजल्या आहेत. एक म्हणते, बौद्ध धम्म ही हिंदू धर्माचीच एक सुधारलेली शाखा. दुसरी म्हणते, दोघे पहिल्या दिवसापासून एकमेकांचे वैरी. नाशिकचा लेख या दोन्हींत बसत नाही. सह्याद्रीच्या खडकावरचे इतर लेख शेजारी ठेवून वाचले, तर दोन्ही समजुतींना तडे जातात.

मुळात त्या काळासाठी ‘हिंदू धर्म’ हे नाव वापरणेच अडचणीचे आहे. बुद्धाच्या काळी, म्हणजे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या आसपास, आज आपण ज्याला हिंदू म्हणतो त्यातले बरेच काही घडायचे होते. देवळे नव्हती, पुराणे नव्हती. होती ती यज्ञाभोवती उभी राहिलेली वैदिक परंपरा, आणि तिचे मुख्य क्षेत्र गंगा-यमुनेच्या वरच्या भागात होते. बुद्ध वावरला तो पूर्वेला, मगध-कोसलात. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात या पूर्वेकडच्या लोकांविषयी एक बोलका उल्लेख येतो. देवांना मानणारे लोक मृतांसाठी चौकोनी समाधी बांधतात, तर पूर्वेकडचे ‘आसुरी’ लोक गोल बांधतात. पुढे बौद्धांनी देशभर जे स्तूप उभारले ते गोलच आहेत. योहानेस ब्राँकहोर्स्ट यांच्यासारखे अभ्यासक अशाच पुराव्यांवरून मांडतात, की मगध परिसराची स्वतःची वेगळी संस्कृती होती, कर्म आणि पुनर्जन्माची चर्चा तिच्यात मुरलेली होती, आणि बौद्ध व जैन विचार तिथून आले. हे मत सर्वांना मान्य नाही. तरी ‘आधी वैदिक धर्म, मग त्याविरुद्ध बंड’ ही सरळ रेघ फार सोपी आहे, एवढे त्यातून नक्की कळते.

बंड नव्हते म्हणून वाद नव्हता असे मात्र नाही. पाली सुत्तांत, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांच्या पाली ग्रंथांत, ब्राह्मण सतत भेटतात. बुद्धाशी वाद घालतात, प्रश्न विचारतात, कधी चिडतात, कधी शरण येतात. सारिपुत्त, मोग्गल्लान, महाकस्सप हे बुद्धाचे अग्रगण्य शिष्य जन्माने ब्राह्मणच होते. दीघनिकायातले कूटदंत सुत्त मला या सगळ्यांत विशेष वाटते. मगधातल्या खाणुमत गावचा कूटदंत हा ब्राह्मण मोठा यज्ञ मांडून बसला आहे. 700 बैल, 700 गोऱ्हे, 700 कालवडी, 700 बोकड आणि 700 मेंढे यूपाला, म्हणजे यज्ञाच्या खांबाला, बांधायला आणलेले आहेत. यज्ञ नीट कसा करावा हे विचारायला तो बुद्धाकडे जातो.

बुद्ध त्याला महाविजित राजाची गोष्ट सांगतो. राज्यात चोरी-लूटमार माजलेली असताना राजाला यज्ञ करायचा असतो. त्याचा पुरोहित म्हणतो, चोरांना मारून, बांधून चोरी संपायची नाही. शेती करणाऱ्याला बियाणे दे, व्यापार करणाऱ्याला भांडवल दे, राजसेवकाला वेतन दे. लोक आपापल्या कामाला लागतात, राज्य शांत होते आणि मग यज्ञ होतो. त्यात एकही जनावर मरत नाही, यूपासाठी झाड तुटत नाही, राबणाऱ्या नोकरांच्या डोळ्यांत पाणी येत नाही. तूप, तेल, लोणी, दही, मध, गूळ एवढ्यावर तो पार पडतो. त्याहून मोठा यज्ञ म्हणजे नित्याचे दान, त्याहून मोठे शील, असे करत बुद्ध कूटदंताला यज्ञापासून पार दूर घेऊन जातो. शेवटी कूटदंत सगळी जनावरे सोडून देतो.

इथे यज्ञाला थेट नकार नाही. यज्ञ हा शब्द ठेवून त्याच्या आतला आशय बदलून टाकला आहे. देवांचेही तसेच झाले. ब्रह्मा सहंपती बुद्धाला धम्म शिकवण्याची विनंती करतो आणि इंद्र ‘सक्क’ होऊन त्याचा अनुयायी बनतो. देव राहिले, त्यांचे आसन खाली आले. वर्णाच्या बाबतीत मात्र एवढीही तडजोड नाही. अस्सलायन नावाच्या तरुण ब्राह्मणाला बुद्ध विचारतो: योन (ग्रीक) आणि कंबोज देशांत तर दोनच वर्ण आहेत, मालक आणि दास, आणि मालकाचा दास होतो, दासाचा मालक होतो, हे तू ऐकले आहेस ना? चार वर्ण ब्रह्म्याने निर्माण केले असतील तर ते सगळीकडे का नाहीत? दुसऱ्या समाजाकडे बोट दाखवून आपल्या समाजाच्या ‘नैसर्गिक’ व्यवस्थेला प्रश्न करण्याची ही रीत आजचा समाजशास्त्रज्ञही आपली म्हणेल.

दुसऱ्या बाजूलाही हे अंतर जाणवत होते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या पतंजलीने पाणिनीचे व्याकरण समजावताना, ज्यांचे वैर कायमचे असते अशांच्या समासाचे उदाहरण म्हणून ‘श्रमणब्राह्मणम्’ दिले आहे. श्रमण म्हणजे बौद्ध-जैनांसारखे, वेद न मानणारे संन्यासी. व्याकरणकार उदाहरण निवडतो ते ऐकणाऱ्याला पटकन पटेल असे. म्हणजे वैर लोकांच्या तोंडी होते.

त्याच जोडीला अशोकाने मात्र शेजारी शेजारी बसवले. त्याच्या आठव्या शिलालेखात श्रमण आणि ब्राह्मण दोघांचे दर्शन घेण्याचा आणि दोघांना दान देण्याचा उल्लेख आहे. या लेखाचा एक तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजींना 1882 मध्ये नालासोपाऱ्याला सापडला. सोपारा तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरचे गजबजलेले बंदर होते. इथून माल घाट चढून देशावर जाई, आणि आपल्याकडची बहुतेक जुनी लेणी या घाटवाटांच्याच आजूबाजूला आहेत.

अशाच एका वाटेवर, जुन्नरजवळच्या नाणेघाटात, सातवाहनांचे एक लेणे आहे. त्याच्या भिंतींवरच्या लेखाचा नागनिका राणीशी संबंध जोडला जातो. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपालांना वंदन आहे. पुढे अश्वमेध, राजसूय, आप्तोर्याम अशा यज्ञांची नावे आणि प्रत्येक यज्ञाची दक्षिणा: गाई, घोडे, हत्ती, गावे, कार्षापण ही नाणी. राणी महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी जगणारी होती, असेही त्यात आहे. इतका कडक वैदिक लेख दख्खनमध्ये त्या काळचा दुसरा नाही. आणि याच सातवाहन कुळातल्या कन्ह राजाच्या काळात नाशिकच्या एका महामात्राने, म्हणजे बड्या अधिकाऱ्याने, पांडवलेण्यांतले 19वे लेणे कोरवले, बौद्ध भिक्खूंसाठी. एकाच घराण्याच्या राज्यात एकीकडे यज्ञाचे धूर आणि दुसरीकडे विहारांवर छिन्नी, हे सुरुवातीपासून चालले होते.

सगळ्यांत तपशीलवार हिशेब मिळतो तो उषवदाताचा. हा शक, म्हणजे बाहेरून आलेल्यांतला. क्षहरात घराण्यातला क्षत्रप, म्हणजे शक राज्यकर्ता, नहपान याचा जावई. नाशिकच्या दहाव्या लेण्यातले त्याचे लेख सांगतात, की त्याने 3 लाख गाई दान दिल्या, देवांना आणि ब्राह्मणांना 16 गावे दिली, वर्षभर 1 लाख ब्राह्मणांना जेवू घातले, प्रभासला ब्राह्मणांची लग्ने लावून दिली, पुष्करला जाऊन स्नान केले. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा इथे धर्मशाळा बांधल्या. दमण, तापी, डहाणूच्या नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या. एवढी पुण्यकर्मे सांगून झाल्यावर तो म्हणतो, त्रिरश्मी (पांडवलेण्यांच्या) डोंगरावर हे लेणे आणि पाण्याची टाकी मी करवली.

या लेण्यातल्या भिक्खूंच्या जेवणाची सोय म्हणून त्याने एक शेत घेतले, ते वाराहीपुत्र अश्विभूती या ब्राह्मणाकडून, 4,000 कार्षापणांना. शक खरेदीदार, ब्राह्मण विक्रेता, आणि पीक बौद्ध संघाला.

शिवाय 3,000 कार्षापणांची कायमची ठेव, तिला लेखात ‘अक्षयनीवी’ म्हटले आहे. पैकी 2,000 गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिकांच्या संघटनेकडे), दरमहा शेकडा 1 व्याजाने. उरलेले 1,000 दुसऱ्या विणकर श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या 20 भिक्खूंना प्रत्येकी 12 कार्षापण चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, मिळावेत असे त्यात ठरवले आहे. गणित करून पाहा: 2,000 वर महिन्याला 20, वर्षाला 240, आणि 20 भिक्खूंना 12 म्हणजे बरोबर 240. हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवला आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवला, असेही लेखात आहे. धर्मादाय संस्थेचा इतका चोख जमाखर्च दोन हजार वर्षांपूर्वीचा आपल्या दाराशी आहे, याचे मला फार अप्रूप वाटते.

या लेखांवर भरवसा ठेवावा का? दानशूरपणाचे आकडे फुगवलेले असणारच. 3 लाख गाई कुणी मोजल्या नसतील. पण राजकीय चौकट नाण्यांनी पडताळली गेली आहे. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला 13,000 हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. सगळी नहपानाची, आणि त्यांतल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. ‘क्षहरातांचा निःशेष नाश केला’ हा बलश्रीच्या लेखातला दावा असा धातूत उमटलेला सापडला. आणि सत्ता बदलली तरी भिक्खूंची दाने चालू राहिली. कार्ल्याच्या संघाला उषवदाताने दिलेले करजिक गाव गौतमीपुत्राच्या राजवटीतही संघाकडेच ठेवले गेले. शत्रूची नाणी पुन्हा ठोकली, शत्रूचे दान मात्र पुढे चालवले.

राजांचे राजकारण बाजूला ठेवले तरी चित्र तेच राहते. रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांत एका चैत्यगृहाच्या दानाचा लेख आहे. दान देणारी भयिला ‘ब्राह्मणी’ आहे आणि तिचा नवरा अयितिलु ‘ब्राह्मण उपासक’. ब्राह्मण असणे आणि बुद्धाचा उपासक असणे, दोन्ही ओळखी त्या जोडप्याने एका ओळीत कोरून घेतल्या. आज आपण शाळेच्या अर्जात धर्माचा एकच रकाना भरतो. त्या काळच्या गृहस्थाला असा रकाना कुणी दिलेला नव्हता. प्रव्रज्या घेऊन संघात गेलेल्या भिक्खूचे जीवन स्पष्टपणे वेगळे होते. गृहस्थाला मात्र दान कुणाला द्यावे याची मोकळीक होती, आणि ती तो पुरेपूर वापरत असे.

तरीही या लेखांतून निव्वळ सलोखा वाचणे मला पटत नाही. बलश्रीने संघाला लेणे दिले, पण वर्णव्यवस्थेचा अभिमान दाराबाहेर ठेवला नाही. संघानेही दान घेतले, पण अस्सलायनाला विचारलेला प्रश्न आपल्या सुत्तांतून काढून टाकला नाही. विचारांतले भांडण मिटलेले नव्हते. ते दानाच्या आड आले नाही, इतकेच.

पुढच्या शतकांतही हे चालू राहिले. वाकाटक घराणे विष्णुवृद्ध गोत्री ब्राह्मणांचे, पहिल्या प्रवरसेनाने चार अश्वमेध केलेले. त्यांच्या वत्सगुल्म शाखेतल्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकाच्या अखेरीस अजिंठ्याचे 16वे लेणे बुद्धासाठी करवले. जवळच्या घटोत्कच लेण्यातल्या लेखात मात्र मंत्र्याच्या घराण्याचे मूळ अभिमानाने ब्राह्मण सांगितले आहे. वेरूळला तर बौद्ध, हिंदू आणि जैन लेणी एकाच डोंगरात आहेत. लेण्यांचे क्रमांक काळाच्या क्रमाने नाहीत. काही हिंदू लेणी तिथल्या बौद्ध लेण्यांपेक्षा आधीची आहेत असे आज बरेच अभ्यासक मानतात. पंधराव्या, दशावतार लेण्याची रचना बौद्ध विहाराची आहे, मूर्ती मात्र शिव-विष्णूच्या.

बदल झाला तो हळूहळू. राजे ब्राह्मणांना गावेच्या गावे ताम्रपटांवर लिहून देऊ लागले, देवळे उभी राहिली, जुने व्यापारी मार्ग थंडावले, आणि श्रेणींच्या व्याजावर चालणाऱ्या विहारांचा आधार सुटला. लेणी रिकामी झाली तिथे दुसरे देव आले. कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर एकवीरा आई आहे, लेण्याद्रीच्या विहारात अष्टविनायकांतला गिरिजात्मज आहे. पुराणांनी बुद्धालाच विष्णूचा अवतार करून घेतले. पाली सुत्तांनी इंद्राला बुद्धाचा अनुयायी केले होते, त्याची ही उलट बाजू. पण एक फरक होता: आता आपल्या बाजूने उत्तर द्यायला इथे संघ उरला नव्हता. ते उत्तर 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला मिळाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना दिलेल्या 22 प्रतिज्ञांतली पाचवी प्रतिज्ञा बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे स्पष्ट शब्दांत नाकारते.